प्राणिगृहातील वातावरण आणि औषधपरीक्षणाचे निष्कर्ष

आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांस प्राणिप्रयोगांचा विषय आता परका राहिलेला नाही. २०१० साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत नियम १५८-ब समाविष्ट झाला आणि काही गटांतील औषधांच्या परवान्यासाठी सुरक्षितता अभ्यास आवश्यक ठरला. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे द्रव्यगुण व रसशास्त्र विषयांचे पदव्युत्तर विद्यार्थीही उंदरांवर प्रयोग करून प्रबंध सादर करतात. अशा अहवालांत मात्रा, अनुपान व प्राण्यांची संख्या यांची नोंद काटेकोर असते. परंतु ते प्राणी कोणत्या खोलीत, कशावर व किती उष्णतेत राहिले, याविषयी आमच्या पाहण्यात बहुधा एखादीच ओळ येते. द्रव्य कोणत्या भूमीतून व कोणत्या ऋतूत घ्यावे हे सांगणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकांनी प्राण्याच्या देशकालाकडे दुर्लक्ष करावे, हे आम्हांस विचित्र वाटते.

पिंजऱ्यात अंथरावयाच्या भुशाचेच उदाहरण घेऊ. १९६७ साली व्हेसेल या अमेरिकन संशोधकाने दाखविले की रेड सिडार, पाईन अशा मऊ लाकडाच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातील औषधांचे विघटन करणारी विकरे वाढतात. (हा सिडार म्हणजे आपला देवदारु नव्हे.) त्यामुळे हेक्सोबार्बिटालसारख्या निद्राकारक औषधाने येणारी झोप कमी काळ टिकते. आता जटामांसी, तगर यांसारख्या द्रव्यांचे निद्राजनन कर्म तपासण्याची प्रचलित पद्धत हीच आहे: बार्बिट्युरेट देऊन झोपेचा काळ मोजावयाचा. भुसा बदलला की मूळ आकडाच बदलतो.

यकृतरक्षक द्रव्यांच्या बाबतीत गुंता याहून अधिक आहे. कार्बन टेट्राक्लोराईड किंवा पॅरासिटामॉल देऊन यकृतास इजा केली जाते. पण या दोहोंचे विषारी रूप यकृतातील विकरांमुळेच तयार होते. विकरांचे प्रमाण आधीच बदललेले असेल, तर झालेली इजा विषाची किती व भुशाची किती, हे अहवालावरून कळत नाही.

पिंजरे वेळेवर स्वच्छ न केल्यास मूत्रातील युरियापासून जंतूंच्या क्रियेने अमोनिया तयार होतो. त्याने श्वसनमार्गाचा दाह होतो, आणि मायकोप्लाझ्माचा संसर्ग असलेल्या उंदरांत फुप्फुसविकार बळावतो, हे १९७६ सालच्या अभ्यासात दिसून आले. अशा प्राण्यांवर श्वासकासहर कल्पाची परीक्षा करणे कितपत योग्य, हे वाचकांनीच ठरवावे.

केंद्र शासनाच्या प्राणिप्रयोग नियंत्रण व पर्यवेक्षण समितीच्या मार्गदर्शक सूचनांत तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्के आणि तासाला १२ ते १५ वेळा हवा बदलण्याची व्यवस्था सांगितली आहे. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीकडे झुकतो, तर पौषात पहाटे दहा अंशांखालीही उतरतो. म्हणजे यंत्रणेविना ही मर्यादा येथे पाळता येणार नाही. उष्णतेत उंदीर कमी खातात, त्यामुळे आहारातून दिलेली औषधाची मात्राही घटते. उलट, वातानुकूलित खोलीचा गारवाही निरुपद्रवी नसतो. लहान उंदरास अंगातली ऊब राखण्यासाठी वेगळे श्रम न लागणारे तापमान सुमारे तीस अंश असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बावीस अंशांवर ठेवलेल्या उंदरांपेक्षा तीस अंशांवरील उंदरांत अर्बुदांची वाढ मंद आढळली.

यावर कोणी म्हणेल की नियंत्रण गटही त्याच खोलीत असतो, मग तुलना बिघडेल कशी? युक्तिवाद अर्धाच खरा आहे. एकाच मांडणीतील वरच्या फळीवर प्रकाश अधिक पडतो, खालच्या फळीवर कमी. एक गट वर व दुसरा खाली ठेवला, तर तुलना फळ्यांचीही होते. शिवाय परीक्षणाधीन द्रव्य स्वतःच यकृतविकरांवर कार्य करणारे असेल, तर भुशाचा परिणाम दोन्ही गटांत सारखा राहील याची खात्री नसते.

म्हणून ज्या औषधशाळा पदरमोड करून बाहेरील प्रयोगशाळेकडून अभ्यास करवून घेतात, त्यांनी करारापूर्वीच काही गोष्टी लेखी मागाव्यात: अभ्यासकाळातील रोजची तापमान व आर्द्रतेची नोंदवही, भुसा कशाचा व किती दिवसांनी बदलला याची माहिती, एका पिंजऱ्यातील प्राण्यांची संख्या, बारा तास उजेड व बारा तास अंधार ठेवणारे घड्याळ आहे का, आणि गटांचे पिंजरे फळ्यांवर आलटूनपालटून ठेवले होते का. वीज गेली असता जनित्र किती वेळात सुरू होते, हेही विचारावे. उन्हाळ्यात बंद खोलीतील दोन तासही नोंदवहीत दिसावयास हवेत.