काढलेली गाठ टाकून देऊ नका

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि यंत्रमागावरच्या कामगाराचा सदरा सकाळीच घामाने अंगाला चिकटतो. हा घाम तयार करणाऱ्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी आपल्या त्वचेत असतात. प्रत्येक ग्रंथी म्हणजे खाली वेटोळं घालून बसलेली, वर त्वचेवर उघडणारी बारीक नळी. फार क्वचित तिच्या पेशी बेबंद वाढतात आणि घर्मग्रंथीचा कर्करोग होतो. घाम जास्त येतो म्हणून हे होत नाही, आणि घामोळ्यांचा तर याच्याशी काहीच संबंध नाही.

अशा कर्करोगांपैकी त्यातल्या त्यात जास्त आढळतो तो पोरोकार्सिनोमा. १९६३ मध्ये पिंकस आणि मेहरेगन यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. तो बहुधा साठीनंतर, पायावर किंवा डोक्या-मानेवर होतो. अनेकदा तिथे वर्षानुवर्षं एक निरुपद्रवी गाठ असते. मग ती वाढू लागते, चप्पल घासली की रक्त येतं, वरची त्वचा फुटते. घरचे चामखीळ समजून घोड्याचा केस बांधतात, कुणी कुरूप म्हणून ब्लेडने तासतात. नुसतं बघून अनुभवी डॉक्टरही फसतो. निदान होतं ते सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर: गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या पेशींच्या दाटीत मधूनच इवल्या नळ्यांची गोल तोंडं दिसतात, तेव्हा मूळ घर्मग्रंथीत आहे हे कळतं. २०१९ मध्ये जपानी संशोधकांना यातल्या अनेक गाठींत वायएपी-१ हे जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं गेलेलं आढळलं.

सोलापूर जिल्ह्यातच, बार्शीला, १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांशी बोलत, लक्षणं समजावत. ते काम मला फार मोलाचं वाटतं. पण किरकोळ म्हणून कापलेली गाठ कचऱ्यात गेली, तर अशा नोंदवहीतही तिचं खरं नाव कधीच लागणार नाही.

‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ही भीती निराधार आहे. धोका उशिराचा आहे. सुमारे पाचातल्या एका रुग्णात हा रोग जांघेतल्या किंवा जवळपासच्या लसिकाग्रंथींत पोचतो, आणि पुढे केमोथेरपीचा भरवसा देता येत नाही. वेळेत सापडला तर भोवतालच्या निरोगी त्वचेसह गाठ काढणं, हाच मुख्य उपाय. म्हणून गाठ काढल्यावर डॉक्टरांना विचारा, तुकडा तपासणीला पाठवला का? अहवाल हातात घ्या, आणि कापलेल्या कडांपर्यंत रोग पोचलाय का, ते त्यांच्याकडून वाचून घ्या.