पडण्याची तालीम

महाविद्यालयात जाणाऱ्या मुलास किंवा मुलीस एखादी युद्धकला शिकण्याचे सुचविले, की उत्तर बहुधा ठरलेले असते: वेळ नाही. या उत्तराला निव्वळ सबब म्हणून उडवून लावण्याचा वडीलधाऱ्यांचा दस्तूर मला मान्य नाही. कारण सकाळची लोकल, दुपारची व्याख्याने, प्रात्यक्षिकांच्या वह्या आणि सायंकाळी शिकवणी किंवा एखादी किरकोळ नोकरी असा ज्याचा दिवस आहे, त्याच्या वेळेचा जमाखर्च मांडू गेल्यास शिल्लक खरोखरच फारशी निघत नाही. परंतु शिलकी वेळात कोणी कोणतीही विद्या शिकल्याचे ऐकिवात नाही. आणि ज्युदो या नावाने आज जगभर चालणारी विद्या तर एका विद्यापीठीय विद्यार्थ्याने, अभ्यासाचे ओझे डोक्यावर असतानाच, हाती घेतलेल्या छंदातून जन्मास आलेली आहे.

जिगोरो कानो यांचा जन्म १८६० सालचा. अंगलट लहान, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, आणि वसतिगृहातील आडदांड मुले त्यांना यथेच्छ बुकलून काढीत. दुर्बळाने बलवंतास लोळवावे अशी जुजुत्सू नावाची एक जुनी विद्या आहे, हे त्यांच्या कानावर आले होते. पण वडिलांनी परवानगी नामंजूर केली, आणि ज्यांना ती विद्या अवगत होती त्यांनीही, आता काळ बदलला, हे शिकून काय करायचे, म्हणून वाटेला लावले. काळ बदलला होता हे खरेच. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर सामुराई वर्गाचा अंमल संपुष्टात आला, १८७६ साली कमरेला तलवार लावण्यास बंदीचे फर्मान निघाले, आणि एके काळचे नामांकित वस्ताद हाडे बसविण्याच्या धंद्यावर गुजराण करू लागले. १८७७ साली तोक्यो विद्यापीठात दाखल झाल्यावर कानोंनी गुरूचा शोध आरंभिला तो या हाडवैद्यांच्या पाट्या वाचीत, आणि अखेरीस फुकुदा हाचिनोसुके या वस्तादाच्या दारी ते रुजू झाले.

फुकुदांची शिकविण्याची रीत आजच्या विद्यार्थ्यास चमत्कारिक वाटेल. हा डाव नेमका कसा बसतो, हात कोठे, पाय कोठे, असे कानोंनी विचारावे आणि गुरूंनी उत्तरादाखल त्यांना उचलून आपटावे. पुन्हा विचारावे, पुन्हा आपटावे. पुष्कळदा पडलास म्हणजे आपोआप उमजेल, असा एकंदर भाव. अंगभर मलमाच्या पट्ट्या डकवून हा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी व्याख्यानांना हजर राही. १८७९ साली फुकुदा वारले, दुसरे गुरू इसो मासातोमो १८८१ साली गेले, आणि तिसऱ्या, वेगळ्या परंपरेतल्या गुरूकडे कानोंनी पुनश्च आरंभ केला. त्याच १८८१ साली त्यांनी विद्यापीठाची पदवीही घेतली.

पुढच्या वर्षी तोक्योतील एईशोजी या बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या म्हणजे सुमारे दोनशे चौरस फुटांच्या जागेत, त्यांनी आपली शाळा उघडली आणि तिला कोदोकान हे नाव दिले. पहिल्या वर्षी शिष्य मिळाले अवघे नऊ. नावाचा अर्थ मार्गाच्या अध्ययनाचे मंदिर असा आहे. आणि आपल्याकडे ज्या जागेला आपण तालीम म्हणतो, त्या मूळच्या अरबी शब्दाचा अर्थही शिक्षण असाच आहे, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. तालीम आणि महाविद्यालय यांचे वैर आहे हा समज अलीकडचा असावा. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीत ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले, त्या कोल्हापुरात तरी तो मुळीच खपला नसता.

कानो व्यवसायाने शिक्षक होते, ही गोष्ट मला त्यांच्या शारीरिक पराक्रमापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. जुन्या विद्येतील आघात आणि हाडे मोडणारे प्रकार त्यांनी मोकळ्या झुंजीतून वगळले व केवळ ठरावीक आकृतिबंधांत जतन करून ठेवले. झुंजीत राहिले ते फेकणे, दाबून धरणे, आणि गळ्याची व कोपराची पकड, ज्यांतून जोडीदाराच्या अंगावर किंवा चटईवर दोन थापा मारताच तत्काळ सुटका होते. परिणामी पूर्ण ताकदीने लढावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धडधाकट वर्गात जाऊन बसावे, हे शक्य झाले. ज्याला परीक्षा द्यायची आहे त्याच्यासाठी याहून मोठी सवलत नाही.

डावांपूर्वी शिकायचे असते ते पडणे, आणि येथेच निम्मे उमेदवार कंटाळून गळतात. मागे तोल गेला, की हात मागे टेकावा ही माणसाची उपजत बुद्धी, आणि मनगट वा कोपर दुखावते ते नेमके तिच्यामुळे. म्हणून हनुवटी छातीशी लावून, दृष्टी स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवून, पाठ चटईला लागते त्याच क्षणी दोन्ही हात, तळवे खाली करून, अंगापासून थोड्या अंतरावर सपकन आपटावयाचे. म्हणजे पडण्याचा जोर एका सांध्यावर न येता हातभर पसरतो आणि डोके अधांतरी सुरक्षित राहते. सारे सभागृह या चपराकींनी दणाणत असते. मी विद्यार्थिदशेत पहिल्याच संध्याकाळी शहाणपणा करून हात मागे टेकला, आणि आठ दिवस प्रात्यक्षिकाची वही मित्राकडून लिहून घेतली. दोष सर्वस्वी माझा होता.

मग येते तोल मोडण्याची विद्या, जिला जपानीत कुझुशी म्हणतात. एसटीत उभा असलेला भरभक्कम गृहस्थ एरवी दोघांना हलायचा नाही. परंतु चालकाने करकचून ब्रेक दाबला, की त्याचा सारा भार चवड्यांवर येतो आणि त्या निमिषात शेजारच्या पोराचा धक्काही त्याला पुरतो. ते निमिष ओढून वा ढकलून आपण निर्माण करायचे, आणि मगच खांद्यावरून फेकायचे. आपल्या धोबीपछाडीचे मर्मही हेच आहे. आधी तोल, मग डाव, हा क्रम स्वतः कानोंच्या पुरता ध्यानी आला तो शाळा काढल्यानंतर तीनएक वर्षांनी. तेव्हा पंधरा दिवसांत आत्मसंरक्षण शिकविण्याच्या ज्या जाहिराती परीक्षा संपताच झळकू लागतात, त्यांच्यावर किती विसंबावे हे उघड आहे.

वेळेचा प्रश्न उरतो. माझा अनुभव असा, की रोजचा संकल्प महिन्याभरात मोडतो. आठवड्यातील दोन वा तीन ठरावीक संध्याकाळ, ज्यांवर मित्रांचे चहापान किंवा स्नेहसंमेलनाची तालीम यांचा हक्क पोहोचत नाही, वर्षभर टिकतात. परीक्षेच्या पंधरवड्यात झुंज बिनदिक्कत तहकूब करावी, कारण अपुऱ्या झोपेचे शरीर हमखास वेडेवाकडे पडते. काळ्या पट्ट्याची मुदत मनात धरू नये.

आणि पैसे भरण्यापूर्वी एक संध्याकाळ भिंतीशी बसून नुसते पाहावे. मुरलेला विद्यार्थी नवख्याला फेकतो तेव्हा त्याची बाही शेवटपर्यंत धरून वर ओढून ठेवतो, की फेकून मोकळा होतो? बाही सुटताना दिसली तर उठावे, आणि दुसरी तालीम शोधावी.