पत्ता आणि ओळख

पत्रावर पत्ता लिहिला की पोस्टमनचे काम भागते. त्या घरात राहणारा मनुष्य कोण आहे, हे पत्ता सांगत नाही. तो घराचा असतो, माणसाचा नव्हे. इंटरनेटची उभारणी होताना मात्र हा भेद फारसा पाळला गेला नाही. संगणकांनी परस्परांशी बोलताना पाळावयाच्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. १९८१ साली निश्चित झालेल्या इंटरनेट प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक संगणकाला अंकांचा पत्ता असतो. माहिती कोठे पोहोचवावयाची हे या आयपी पत्त्यावरून ठरते, आणि पलीकडे कोण बोलत आहे हेही संगणक त्यावरूनच ओळखत आले. संगणक जड होते, जागचे हलत नव्हते, तोवर यात काही बिघडले नाही.

संगणक खिशात आला तेव्हा अडचण उभी राहिली. घरातील वाय-फाय सोडून मनुष्य रस्त्यावर आला, की त्याचा फोन मोबाइल कंपनीच्या जाळ्यास जोडला जातो व त्याचा आयपी पत्ता बदलतो. पलीकडच्या संगणकाच्या दृष्टीने जुना सोबती नाहीसा होऊन कोणी अनोळखी आलेला असतो. चाललेले संभाषण तुटते.

यावर १९९६ साली ‘मोबाइल आयपी’ हा उपाय पुढे आला. फोनच्या मूळ जाळ्यात एक प्रतिनिधी संगणक ठेवावयाचा आणि त्याने आलेली माहिती नव्या पत्त्यावर पाठवावयाची. यात माहितीस वळसा पडतो. नवा पत्ता पलीकडच्या संगणकास थेट कळवला तर वळसा टळेल. परंतु खरा प्रश्न तेथेच आहे. ‘मी घर बदलले, माझी पत्रे इकडे पाठवा’ असे चोरही सांगू शकतो. प्रतिनिधीशी गुप्त खूण आधीच ठरवून ठेवता येते. जगातील प्रत्येक अनोळखी संगणकाशी ती कशी ठरवावी?

१९९९ साली रॉबर्ट मॉस्कोविट्झ यांनी मांडलेल्या ‘होस्ट आयडेंटिटी प्रोटोकॉल’ने, म्हणजेच ‘हिप’ने, या प्रश्नाच्या मुळाला हात घातला. येथे यंत्र स्वतःसाठी किल्ल्यांची एक जोडी तयार करते. खासगी किल्ली ते कोणासही देत नाही. सार्वजनिक किल्ली हीच त्याची ओळख होय. या किल्लीचा १२८ बिटांचा एक गणिती ठसा काढतात. आयपीच्या नव्या आवृत्तीतील पत्ताही तेवढ्याच लांबीचा असल्याने जुन्या प्रणालींना पत्त्याच्या जागी हा ठसा चालतो. ही युक्ती खरोखर चतुर आहे.

दोन यंत्रांची पहिली भेट चार संदेशांत उरकते. पहिले यंत्र बोलण्याची इच्छा कळवते. दुसरे त्यास आपली ओळख आणि एक कोडे पाठवते. मात्र पाहुण्याविषयी अद्याप काहीही लक्षात ठेवीत नाही. कोडे सोडवण्यास अनेक संख्या ताडून पाहाव्या लागतात. उत्तर तपासणे मात्र क्षणाचे काम असते. खोट्या विनंत्यांचा पूर लोटून यंत्रास बेजार करू पाहणाऱ्याला अशा रीतीने प्रत्येक विनंतीमागे कष्ट पडतात, आणि हल्ला वाढला तर कोडे अवघड करता येते. उरलेल्या दोन संदेशांत उत्तर व स्वाक्षऱ्या यांची देवाणघेवाण होऊन दोघांचे समाईक गुपित तयार होते.

पुढे पत्ता बदलला तर यंत्र तसे आपल्या खासगी किल्लीने स्वाक्षरी करून कळवते. चोराजवळ ती किल्ली नसते. तरीही पलीकडचे यंत्र केवळ स्वाक्षरीवर विसंबत नाही. नव्या पत्त्यावर एक खूण पाठवून ती परत येण्याची वाट पाहते. ओळख खरी असूनही कोणी भलत्याचाच पत्ता देऊन त्याच्या दारी माहितीचा लोंढा वळवू शकतो, म्हणून ही खबरदारी.

ओळख कायमची झाली की तिच्या मागावर राहणेही सोपे होते. म्हणून ‘हिप’मध्ये तात्पुरत्या ओळखीचीही सोय आहे.

२००८ साली प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध झालेल्या ‘हिप’ला २०१५ साली सुधारित रूप मिळाले. सर्वसामान्य फोनांत मात्र ते रुजले नाही. दोन्ही टोकांच्या प्रणालींत बदल करण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. २०२१ साली प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ या प्रोटोकॉलने जोडणीला पत्त्याहून निराळा क्रमांक दिला, त्यामुळे पत्ता बदलला तरी जोडणी टिकू शकते. हा क्रमांक त्या जोडणीपुरताच असतो, यंत्राची ओळख नव्हे. किल्लीच्या ठशाला ओळख मानण्याची कल्पना पुढे ड्रोनच्या कामी आली: उडत्या ड्रोनची ओळख दुरून पडताळता यावी, यासाठी २०२३ साली प्रसिद्ध झालेली ओळखखूण ‘हिप’च्याच ठशावरून घडवली आहे.