खाऱ्या पाण्याच्या टाकींतील माशांचे परोपजीवी जंतु व त्यांवरील उपाय

ज्याच्या गोठ्यांत एकदां गोचिडींनीं ठाण मांडलें, त्यास एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाहीं. जनावराच्या अंगावरील गोचिडी कितीहि वेंचून काढल्या, तरी भिंतीच्या फटींत व जमिनीच्या भेगांत त्यांचीं अंडीं आहेत तोंपर्यंत दुखणें संपत नाहीं. दुखणें गाईच्या अंगावर दिसतें, पण त्याचें बीं गोठ्यांत असतें. कांचेच्या टाकींत खाऱ्या पाण्याचे शोभेचे मासे पाळणारांसहि हीच गोष्ट ओळखावयाची असते. आणि ती न ओळखल्यामुळें पुष्कळांचें भांडवल पंधरवड्यांत बुडतें.

समुद्रांतील रंगीत मासे घरीं पाळण्याचा छंद आतां मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाहीं. मुंबईस १९५१ सालीं उघडलेलें तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनीं पूर्वीं पाहिलें असेल, त्यांस या माशांची मोहिनी वर्णन करून सांगावयास नको. पूर्वीं असे मासे केवळ प्रवाळांच्या खडकांतून धरून आणीत. आतां विदूषक मासा, ज्यास व्यापारी क्लाउनफिश म्हणतात, त्याची पैदास टाकींत करण्याची रीत आपल्या केंद्रीय समुद्री मात्स्यिकी संशोधन संस्थेनें बसविली आहे. त्यामुळें किनाऱ्यालगतच्या कांहीं शेतकऱ्यांस हा जोडधंदा म्हणून खुणावूं लागला आहे. धंद्यांत शिरण्यापूर्वीं त्यांतील मुख्य शत्रूची ओळख करून घ्यावी, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आरंभीं आमचाच अनुभव सांगतों. आमच्या टाकींत चौदा मासे सुखरूप नांदत होते. एका विक्रेत्याकडून आणलेली नवी जोडी आम्हीं त्याच दिवशीं त्यांत सोडली. मासे तजेलदार दिसत होते, मग थांबावयाचें कशाला, असें वाटलें. सहाव्या दिवशीं एका माशाच्या परांवर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले. बाटलींतील औषध आणून पाण्यांत घातलें. चौथ्या दिवशीं ठिपके नाहींसे झाले, तेव्हां औषध बंद केलें व आपली हुशारी चार जणांस सांगितली. पुढल्या आठवड्यांत एके सकाळीं पाहतों तों सर्वच माशांचीं अंगें पिठांत घोळल्यासारखीं झालेलीं. सोळांपैकीं तीन वांचले. दोष औषधाचा नव्हता. ज्या दिवशीं रोग टाकींत पेरला गेला, त्याच दिवशीं तो गेला असें आम्ही समजलों होतों.

जंतूचीं चार रूपें

हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स नांवाच्या एकपेशीय जंतूमुळें होतो. जपानांत सिकामा यांनीं १९३७ च्या सुमारास त्याचें वर्णन केलें, व १९५१ सालीं इंग्लंडांत ब्राउन यांनीं त्यास सध्यांचें नांव दिलें. गोड्या पाण्यांतील माशांवरहि असेच ठिपके आणणारा दुसरा जंतु आहे. दोघांची राहणी सारखी दिसते, परंतु कुळ निराळें आहे.

या जंतूचीं चार रूपें ध्यानांत ठेवावींत. पहिलें रूप माशाच्या अंगावरचें. जंतु कातडीच्या व कल्ल्यांच्या वरच्या पापुद्र्याखालीं शिरतो आणि तेथें तीन ते सात दिवस पोसतो. आपणांस दिसणारा पांढरा ठिपका तो हाच. वर माशाचाच पापुद्रा असल्यामुळें पाण्यांतील औषध त्याच्यापर्यंत सहसा पोंचत नाहीं. पोट भरल्यावर, बहुधा रात्रीच्या अंधारांत, तो मासा सोडतो व तळाशीं येऊन कांहीं तास, फार तर अठरा तास, सरपटत राहतो. हें दुसरें रूप. मग वाळू, दगड, कांच, जें मिळेल त्यास चिकटून तो स्वतःभोंवतीं टणक कवच करतो. हें तिसरें, म्हणजे कोशाचें रूप. कवचाच्या आंत त्याचे भागावर भाग पडत जातात, आणि एका कोशांतून दोनशेंपर्यंत पिलें निघूं शकतात. बहुतेक कोश तीन दिवसांपासून चार आठवड्यांच्या आंत फुटतात. क्वचित् ७२ दिवसांनीं फुटल्याचीहि नोंद आहे. बाहेर पडलेलीं, साध्या डोळ्यांस न दिसणारीं पोहणारीं पिलें हें चौथें रूप. त्यांस थोड्या तासांत मासा गांठावा लागतो. एका दिवसांत तो न मिळाल्यास तीं मरतात.

अफाट समुद्रांत त्या पिलांपैकीं बहुतेकांस मासा मिळत नाहीं, म्हणून तेथें या रोगाची सांथ सहसा येत नाहीं. दोन-तीन हात लांबीच्या टाकींत मात्र सगळीं पिलें माशांच्या तोंडापुढेंच जन्मतात. दर फेऱ्यास संख्या कित्येक पटींनीं वाढते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यास मासे गुदमरून मरतात. कारण खरा घाव कातडीवर नसून कल्ल्यांवर बसतो. ठिपके गेले म्हणजे पहिलें पीक पिकून बीं तळाशीं पडलें, एवढाच त्याचा अर्थ.

यावरून उपायाचें सूत्र निघतें. अंगावरील व कोशांतील जंतूवर औषध फारसें चालत नाहीं. मार बसतो तो पोहणाऱ्या पिलांवर. म्हणून शेवटचा कोश फुटेपर्यंत उपाय चालू राहिला पाहिजे.

तीन उपाय

पहिला उपाय बिनऔषधाचा आहे. इस्राएलांतील शास्त्रज्ञ कोलोर्नी यांनीं तो १९८७ सालीं प्रसिद्ध केला. दोन साधीं भांडीं घ्यावींत; त्यांत वाळू, दगड कांहीं नसावें. मासे तीन तीन दिवसांच्या अंतरानें एकांतून दुसऱ्यांत, असे चार वेळां हलवावे. आणि रिकामें झालेलें भांडें धुऊन पूर्ण वाळवावें. तीन दिवसांत जे जंतु मासा सोडून खालीं पडतात, ते कोश फुटण्यापूर्वींच मागें राहून वाळून मरतात. पाणी नवें लागतें व श्रम पडतात, परंतु माशास विषाचा ताण नाहीं. थोडे मासे असणाऱ्यानें हाच उपाय आधीं करावा.

दुसरा उपाय पाण्याचा खारेपणा उतरविण्याचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. ते दोन-तीन दिवसांत हळूहळू लिटरास १५ ग्रॅमपर्यंत आणून तीन-चार आठवडे तसेच ठेवावे. बहुतेक हाडाच्या माशांस हें मानवतें. जंतूस मानवत नाहीं. शेवटीं खारेपणा वाढवितांना उतरविण्यापेक्षांहि सावकाश वाढवावा. मात्र प्रवाळ, समुद्रफुलें, कोळंबी यांस हा बदल सोसत नाहीं. आणि कमी खारेपणांतहि तग धरणाऱ्या या जंतूच्या जाती कांहीं ठिकाणीं आढळल्या आहेत, म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहत राहावें.

तिसरा उपाय तांब्याचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या मोरचूदाचा. द्राक्षांवरील केवड्यासाठीं व सुपारीच्या कोळेरोगासाठीं जो शेतकरी बोर्डो मिश्रण करतो, त्याच्या घरीं मोरचूद असतोच, आणि धोकाहि तेथेंच आहे. एक टक्का बोर्डो मिश्रणाच्या एका लिटरांत सुमारें अडीच ग्रॅम तांबें असतें; टाकीच्या पाण्यांत तें लिटरास केवळ ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असावें लागतें. म्हणजे हा डोस फवाऱ्यापेक्षां बारा हजार पटींहूनहि अधिक सौम्य आहे. चिमटीनें वा डोळ्यांनीं अदमास करणारा मासे मारूनच थांबेल. रसायनाच्या दुकानांतील शुद्ध मोरचूद ३.९३ ग्रॅम तोलून एक लिटर शुद्ध पाण्यांत विरघळवावा. या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरांत एक मिलिग्रॅम तांबें येतें. तेव्हां १०० लिटरांच्या टाकीस १५ ते २० मिलिलिटर पुरे. तेंहि एकदम न घालतां दोन-तीन दिवसांत विभागून घालावें.

तांब्याचें प्रमाण मोजण्याची पेटी बाजारांत मिळते. ती नसल्यास या उपायाच्या वाटेस जाऊं नये. सकाळ-संध्याकाळ प्रमाण मोजावें. ०.१५ च्या खालीं गेल्यास जंतु वांचतात, ०.२० च्या वर गेल्यास मासे धोक्यांत येतात. शिंपले, प्रवाळ व चुनखडीची वाळू तांबें शोषून घेतात, म्हणून हा उपाय नेहमीं वेगळ्या, उघड्या तळाच्या टाकींतच करावा. मुख्य टाकींत तांबें घातल्यास कोळंबी, समुद्रफुलें व प्रवाळ मरतील. उपाय एक महिनाभर अखंड चालवावा; ठिपके गेल्याच्या आनंदांत मध्यें सोडूं नये.

उपाय कोणताहि असो, मासे बाहेर काढल्यावर मुख्य टाकी रिकामी ठेवणें हें त्याचें दुसरें अर्धें अंग आहे. मासा नसला म्हणजे पिलें उपाशीं मरतात. किमान सहा आठवडे टाकी रिकामी ठेवावी; सावध लोक वर सांगितलेली ७२ दिवसांची नोंद ध्यानीं घेऊन अकरा आठवडे ठेवतात. लसूण खाऊं घातल्यानें रोग जातो असें पुष्कळ सांगतात. लसणीनें मासा दोन घांस अधिक खाईल, परंतु तळांतील कोशांस तिची बाधा होत नाहीं.

आणखी दोन शत्रु

ठिपक्यांच्या रोगाहूनहि घातक असा एक दुसरा एकपेशीय जंतु आहे. त्याचें नांव ॲमिलूडिनियम. यांत अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसते; पण पुष्कळदां ती दिसण्यापूर्वींच मासा मरतो, कारण जंतु आधीं कल्ले धरतो. मासा धापा टाकूं लागला, पाण्याच्या वरच्या भागाशीं येऊन राहिला, अन्न सोडलें, तर याचा संशय घ्यावा. याच्या एका कोशांतून २५६ पर्यंत पिलें निघतात, व खारेपणा उतरविल्यानें तो हटत नाहीं. येथें तांबें हाच मुख्य आधार, आणि तोहि त्याच दिवशीं सुरू केला पाहिजे.

दुसरा शत्रु चपट्या कृमींचा. हे पारदर्शक असल्यामुळें अंगावर असूनहि दिसत नाहींत. मासा दगडावर अंग घासतो, डोळे धुरकट होतात. अशा माशास त्याच उष्णमानाच्या, क्लोरीन नसलेल्या व हवा सोडलेल्या गोड्या पाण्यांत तीन ते पांच मिनिटें ठेवावें. कृमि पांढरे पडून गळतात, व रोगाची ओळखहि पटते. त्या वेळांत माशापासून दूर जाऊं नये. तो कलंडल्यास लगेच परत खाऱ्या पाण्यांत सोडावा. मेंढ्याकुत्र्यांच्या पट्टकृमींवर दिलें जाणारें प्राझिक्वांटेल हें औषध लिटरास सुमारें २ मिलिग्रॅम या प्रमाणांत येथेंहि चालतें. तें अंड्यांस मारीत नाहीं, म्हणून आठवड्यानें दुसरा डोस द्यावा.

रोग येऊंच न देणें

वरील सर्व खटाटोपापेक्षां एक साधी टाकी व तीस दिवसांचा धीर अधिक स्वस्त पडतो. बाजारांतून आणलेली म्हैस शहाणा शेतकरी एकदम दावणीस बांधीत नाहीं. कांहीं दिवस वेगळी ठेवून पाहतो. नव्या माशाचेंहि तसेंच करावें. किमान तीस दिवस तो वेगळ्या टाकींत ठेवावा. त्याचें जाळें, बादली, नळी वेगळी असावी. आधीं निरोगी टाकीचें काम करून मग नव्या माशाकडे जावें व हात धुवावे. ॲमिलूडिनियमचे जंतु उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबरहि जातात असें प्रयोगांत दिसलें आहे, म्हणून दोन टाक्या दहा फुटांहून अधिक अंतरावर असाव्या. नवे प्रवाळ, दगड, शंख यांवरहि कोश चिकटून येऊं शकतात; त्यांसहि अकरा आठवडे माशांवांचून वेगळें ठेवावें. समुद्राचें पाणी आणल्यास तें झांकून कांहीं आठवडे मुरूं द्यावें. पावसाळ्यांत खाडीचें पाणी गोडें होत असल्यामुळें तें आणूं नये.

जिताड्यासंबंधीं दोन शब्द

रायगड जिल्ह्यांत घराजवळील तळ्यांत जिताडा पाळण्याची जुनी रीत आहे, व चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनें १९९७ सालीं बंदिस्त पाण्यांत त्याची पैदास साधल्यापासून त्याचें बीज टाकींतूनहि मिळूं लागलें आहे. खाऱ्या पाण्यांतील पिंजऱ्यांत दाटीनें ठेवलेल्या जिताड्यासहि ठिपक्यांचा हाच रोग होतो. तेव्हां सूत्र तेंच. फरक एवढाच कीं, जो मासा खाण्यासाठीं विकावयाचा आहे, त्यास वर सांगितलेलीं औषधें आपल्या मनानें देऊं नयेत. तेथें मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा, आणि मुख्य भर दाटी कमी ठेवण्यावर व नवें बीज वेगळें ठेवून पाहण्यावर द्यावा.

आमच्या त्या टाकींत वांचलेले तिन्ही मासे चार वेळां भांडीं बदलून व अकरा आठवडे वेगळे राहून पुन्हां आपल्या जागीं गेले, व आज सुखानें आहेत. नवा मासा आतां आमच्या घरीं पहिला महिना पडवींतील साध्या टाकींत काढतो. सभासद बंधूंनीं शोभेची मोठी टाकी घेण्यापूर्वीं ही पडवींतली टाकी आधीं घ्यावी, एवढीच आमची विनंति आहे.