विवाह ठरविण्यापूर्वी रक्ताची ओळख: आनुवंशिकता समजून घ्या, थॅलेसेमिया टाळा

मुलाचे नाक आजोबांसारखे, मुलीचे केस आईसारखे, असे आपण सहज म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारे हे साम्य ज्या नियमांनी घडते, त्याच नियमांनी काही आजारही आई-वडिलांकडून मुलांकडे येतात. हे नियम समजण्यास कठीण नाहीत. ते वेळेवर समजले, तर एका गंभीर रक्तविकाराचा जन्मतःच होणारा आघात टाळता येतो. म्हणून हे पत्रक विवाहयोग्य तरुण-तरुणींनी, अपत्याचा विचार करणाऱ्या दांपत्यांनी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी अवश्य वाचावे.

वारसा कसा मिळतो?

सजीवांच्या शरीराची घडण व कार्य कसे असावे, याच्या सूचना पेशींमधील जनुकांत साठविलेल्या असतात. ही जनुके गुणसूत्रांवर ओळीने मांडलेली असतात. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असून प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व एक वडिलांकडून येते. त्यामुळे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात. आपण अपत्याला मात्र त्यांपैकी एकच देतो. ती कोणती असेल, हे नाणेफेकीतील छापा-काट्याप्रमाणे केवळ योगायोगाने ठरते.

हा नियम प्रथम उलगडला तो वाटाण्याच्या वेलींवर. ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत गोल दाण्यांच्या व सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला. पहिल्या पिढीतील सर्व दाणे गोल निघाले. सुरकुती नाहीशी झाली, असे कोणासही वाटले असते. परंतु त्याच दाण्यांपासून झालेल्या पुढच्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले मिळाले, म्हणजे सुमारे तीनास एक. सुरकुतीचा गुण नष्ट झालेला नव्हता, केवळ झाकला गेला होता. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा अर्थ आपल्यासाठी महत्त्वाचा आहे: जो गुण दिसत नाही, तो अंगी नसतोच असे नाही.

रक्तातील झाकलेला गुण

रक्ताला लाल रंग देणारे व प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. त्याचा ‘बीटा’ नावाचा घटक तयार करणारे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असेल, तर दुसरी प्रत काम भागवते. अशा व्यक्तीस ‘बीटा थॅलेसेमियाची वाहक’ म्हणतात. ती रुग्ण नव्हे. तिला फार तर सौम्य रक्तक्षय असतो आणि ती शिक्षण, नोकरी, खेळ, संसार सारे काही करू शकते.

दोन्ही प्रती सदोष असलेल्या बालकाला मात्र ‘थॅलेसेमिया मेजर’ होतो. बहुधा वयाच्या सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत ते फिकट पडू लागते, त्याची वाढ खुंटते आणि प्लीहा सुजते. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. या रक्तातून शरीरात साचणारे लोह हृदय व यकृत यांना इजा करते. ते बाहेर काढण्यासाठी कायम औषधे घ्यावी लागतात.

कोलकात्याने शिकविलेला धडा

भारतात या आजाराची पहिली नोंद १९३८ मध्ये कोलकात्याहून झाली. पुढे १९५० च्या दशकात तेथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत डॉ. ज्योतिभूषण चटर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधील अशा रुग्णांचा अभ्यास केला. त्यातून एक वेगळीच गोष्ट स्पष्ट झाली. अनेक रुग्णांमध्ये बीटा थॅलेसेमियाच्या दोन नव्हे, तर एकच सदोष प्रत होती. दुसरी प्रत ‘हिमोग्लोबिन ई’ची होती.

हिमोग्लोबिन ई हा त्याच बीटा जनुकातील आणखी एक बदल. बंगाल, आसाम व ईशान्य भारतात तो बराच आढळतो. त्याची एक प्रत असल्यास काहीच त्रास होत नाही, दोन्ही असल्या तरी सहसा सौम्य रक्तक्षयच होतो. म्हणून एकटा तो निरुपद्रवी भासतो. परंतु आई-वडिलांपैकी एक हिमोग्लोबिन ईचा व दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर दोन्ही बदल एकाच बालकात एकत्र येऊ शकतात. त्यातून होणारा आजार कधी सौम्य, तर कधी नियमित रक्त देण्याइतका तीव्र असतो.

महाराष्ट्रातील वाचकांनी येथे सिकलसेलची आठवण ठेवावी. विदर्भात व नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेल हाही बीटा जनुकातीलच बदल आहे. सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया एकत्र आल्यास बालक आजारी पडू शकते. शिक्षण, नोकरी व विवाह यांमुळे आज नागपूरचे कुटुंब कोलकात्यात आणि कोलकात्याचे कुटुंब पुण्यात नांदते. म्हणून ‘आमच्याकडे हा आजार नाही’ एवढ्यावर विसंबून चालणार नाही. धोका एकट्याच्या रक्तात नसतो, तो जोडीत असतो.

प्रत्येक गरोदरपणी शक्यता किती?

• दोघेही वाहक असल्यास: बालक आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के, दोन्ही प्रती निर्दोष असण्याची २५ टक्के.
• दोघांपैकी एकच वाहक असल्यास: वाहक असण्याची शक्यता ५० टक्के. बालकाला हा गंभीर आजार होत नाही.

हा हिशेब प्रत्येक गरोदरपणी नव्याने मांडला जातो. पहिले मूल आजारी होते म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असे नाही. पहिली दोन निरोगी आहेत म्हणून तिसऱ्याला धोका नाही, असेही नाही.

हे दोष टिकले कसे?

शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये असा विचार मांडला की, थॅलेसेमियाच्या वाहकांना हिवतापापासून काही संरक्षण मिळत असावे. हेच हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. पुढील संशोधनाने या विचाराला, विशेषतः सिकलसेलच्या बाबतीत, बळकटी दिली. जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या थैमान घालत होता, तेथे वाहक अधिक तगले आणि त्यांचे जनुकही टिकले. म्हणून वाहक असणे हा कोणाच्या पापाचा, आहाराचा वा कुळाचा दोष नव्हे. तसेच केवळ सुनेला बोल लावणे हे अन्यायाचे आणि अशास्त्रीयही आहे. आजारी बालकाला एक सदोष प्रत वडिलांकडूनही आलेली असते.

आपण काय करावे?

• विवाहापूर्वी, निदान गर्भधारणेपूर्वी, रक्ताची संपूर्ण तपासणी व ‘एचपीएलसी’ ही हिमोग्लोबिनची चाचणी करून घ्यावी. अहवाल जपून ठेवावा.
• गर्भधारणा झाली असल्यास पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी करावी. पत्नी वाहक आढळल्यास पतीची चाचणी विनाविलंब करावी.
• दोघेही वाहक असल्यास आनुवंशिकता समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. गर्भाची तपासणी साधारणतः दहाव्या ते बाराव्या आठवड्यात करता येते. तिच्या निष्कर्षानंतरचा निर्णय सर्वस्वी दांपत्याचा असतो.
• कुटुंबात एक वाहक आढळल्यास सख्ख्या भावंडांनी व जवळच्या नातलगांनीही चाचणी करावी.
• वाहकाचा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेसारखा दिसतो. तपासणीविना दीर्घकाळ लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. मात्र गरोदरपणी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.
• नुकतेच रक्त घेतले असल्यास तपासणीपूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण त्यामुळे निष्कर्ष फसवा येऊ शकतो.

घरात रुग्ण असल्यास

नियमित रक्त व लोह काढणारी औषधे मिळाल्यास थॅलेसेमियाची मुले शिकतात, नोकरी करतात, संसारही थाटतात. निवडक रुग्णांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. कोलकात्यात मुख्यालय असलेल्या कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून चालणाऱ्या ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजने’त पात्र बालकांना यासाठी १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये थॅलेसेमिया व सिकलसेल या आजारांचा समावेश आहे. सिकलसेलसाठी १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू असून त्यात तपासणी व समुपदेशनाची सोय आहे.

सोयरीक जुळविताना आपण पत्रिका पाहतो, घरदार पाहतो, शिक्षण पाहतो. त्यासोबत दोघांच्या रक्ताचे अहवालही पाहावेत. वाहक निघाल्याने विवाह मोडण्याचे कारण नाही. तो निष्कर्ष हाती असलेल्या दांपत्याला पुढचे पाऊल विचारपूर्वक टाकता येते. नजीकच्या शासकीय रुग्णालयात आजच चौकशी करा.