जुनी ‘फोर बाय फोर’ घेताय? आधी पुढची चाकं ओढतात का ते पाहा

इंझोरी (ता. मानोरा) : सोयाबीन सोंगून झालं, गंजी लागली, मळणीयंत्राचा नंबर आला आणि नेमका परतीचा पाऊस कोसळला, की काळ्या जमिनीच्या गावात एकच प्रश्न उरतो. शेतापर्यंत जायचं कसं? मोटरसायकल पांदणीच्या तोंडाशी ठेवावी लागते. ट्रॅक्टर जातो, पण तो सगळ्यांकडे नाही. आणि दोन माणसं, एक ताडपत्री अन् फवारणीचा पंप न्यायला ट्रॅक्टर काढणं परवडतही नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली खरी, पण जिथं अजून खडी पडली नाही तिथं चिखल तोच आहे. अशा वेळी जुनी चारही चाकं ओढणारी जीप घेण्याचा विचार डोक्यात येतो. काही तरुणांना शेतासोबत माळरानात, डोंगरवाटेने गाडी चालवण्याचा शौकही असतो. दोन्हीसाठी गाडी एकच लागते आणि दोघंही फसतात ते एकाच ठिकाणी : गाडी घेताना.

जीपसारखी दिसणारी प्रत्येक गाडी फोर बाय फोर नसते. बोलेरो गावोगाव दिसते, पण त्यातल्या बहुतेक फक्त मागच्या चाकांवर चालतात. महिंद्राची थार २०१० मध्ये आली, तेव्हा तिचं डीआय इंजिनचं स्वस्त मॉडेल दोन चाकी ताकदीतही मिळत होतं आणि चार चाकीतही. सीआरडीई इंजिनची थार मात्र फोर बाय फोरच होती. २०२० ची नवी थारही सुरुवातीला तशीच आली, पण जानेवारी २०२३ पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणारीसुद्धा मिळू लागली. बाहेरून दोन्ही सारख्याच. त्यामुळे ‘थार आहे भाऊ, कुठंही जाते’ या बोलण्यावर सौदा करू नये. बोलेरो कॅम्पर आणि पिकअपमध्ये काही मॉडेल फोर बाय फोर आहेत, पण त्यांची नोंद मालवाहू म्हणून असते. त्यांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस काढावं लागतं, हा खर्च आधीच धरावा. मारुतीची जिप्सी हलकी, चिखलात चांगली, पण पेट्रोलवर चालणारी. जुन्या एमएम ५४० आणि मेजर जीप कोणताही जुना मिस्त्री उघडू शकतो, हीच त्यांची खरी किंमत.

आता खरी तपासणी. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरी दांडी असते, तीच पुढच्या चाकांना ताकद देते. पण दांडी आहे म्हणजे आतली यंत्रणा जिवंत आहे असं नाही. डिझेल वाचावं म्हणून किंवा आवाज येतो म्हणून पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून टाकलेल्या गाड्या बाजारात येतात. दांडी हलते, पुढे काहीच होत नाही. म्हणून आधी गाडीखाली वाकून शाफ्ट जागेवर आहे का बघायचं. जुन्या जीप आणि जिप्सीला पुढच्या चाकांच्या मधोमध हब असतात. काही गाड्यांना ते हाताने फिरवून लॉक करावे लागतात. ते जाम तर नाहीत ना, तेही फिरवून बघावं.

मग गाडी नांगरलेल्या रानात न्यायची. विकणारा ‘डांबरी रस्त्यावर चालवून बघा’ म्हणेल, त्याला नाही म्हणायचं. दांडी ‘फोर लो’ला टाकायची, पहिल्या गिअरमध्ये हळू चढावर घ्यायची आणि एकाने बाहेर उभं राहून बघायचं, पुढची चाकं माती मागे फेकतात का. फेकत असतील तर यंत्रणा जिवंत. करकर आवाज आला, दांडी आपोआप सुटली किंवा गाडी धक्के खात चालली, तर गिअरपेटीचा खर्च समोर आहे असं समजा. ही चाचणी कोरड्या डांबरीवर का नाही? या गाड्यांमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना घट्ट जोडला जातो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. मातीत चाक थोडं घसरून हा फरक मिटतो. डांबरीवर चाक घसरत नाही, सगळा ताण दात्यांवर आणि शाफ्टवर येतो. रोज डांबरीवर फोर बाय फोर लावून फिरलेली गाडी आतून खचलेली असते, मग वरचा रंग कितीही चकचकीत असो.

डिफरन्शियलचा तेलाचा बोल्ट उघडून थोडं तेल बोटावर घ्या. ते दुधासारखं पांढुरकं झालं असेल तर आत पाणी गेलंय. गाडी पुरात किंवा खोल नाल्यात बुडाली असण्याची शक्यता आहे. चेसिसवर हातोडीने हलकं ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, भदभदा आला तर आतून गंजलेलं. युरियाची, खताची पोती वाहिलेल्या गाडीचा मागचा भाग नीट बघा, खताने लोखंड लवकर खातं. चेसिसवर नवी वेल्डिंग आणि त्यावर ताजा काळा रंग दिसला की त्यामागची गोष्ट विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्टेअरिंग धरून डावी-उजवी हलवा. चाक वळायच्या आधी स्टेअरिंग बरीच फिरत असेल तर किंगपिन, टायरॉड, स्टेअरिंग बॉक्स यांपैकी काहीतरी गेलेलं आहे. अशी गाडी पन्नासच्या वेगात थरथरायला लागते.

कागदाकडे वळू. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झालं, शिवाय पर्यावरण कर वेगळा. गाडीचं वय वाढेल तसा हा खर्च वाढतच जातो. म्हणजे जी जीप ‘स्वस्तात’ दिली जाते, तिची नोंदणी संपलेली असेल तर ती स्वस्त नाही. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या जीपवर एमएच ३० असतो, आपल्याकडच्या नव्या गाड्यांवर एमएच ३७. पाटी अकोल्याची दिसली म्हणून घाबरू नका, पण आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर अक्षर-अक्षर जुळवा. परिवहन विभागाच्या ॲपवर नंबर टाकला की नोंदणी, विमा, कर्ज सगळं दिसतं. फायनान्सचा बोजा असेल तर नमुना ३५ वर बँकेचा शिक्का घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतली गाडी असेल तर नमुना २८ ची एनओसी. कायद्याने घेणाऱ्याने तीस दिवसांत गाडी आपल्या नावावर करायची असते. विम्यावर नाव बदलायला चौदा दिवस आहेत, आणि नेमकं हेच बहुतेक जण विसरतात.

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, त्यामुळे तिकडच्या गाड्या कमी दरात इकडे देऊ केल्या जातात. त्या घेता येतात, मात्र महाराष्ट्राचा कर भरून पुन्हा नोंद करावी लागते. तो हिशेब वाशिमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातून आधीच काढून घ्यावा. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरची मंडी डबवाली ही सजवलेल्या उघड्या जीपसाठी देशभर प्रसिद्ध आहे. मोबाईलवर त्या जीपचे फोटो बघून जीव हरखतो. पण ज्या गाडीचं इंजिन एका गाडीचं, चेसिस दुसरीचं आणि बॉडी तिथंच ठोकलेली, तिची इथं नोंद होताना काय होईल, हे विकणारा सांगत नाही.

इथून मॉडिफिकेशनचा विषय सुरू होतो, आणि इथं बरेच गैरसमज आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, असं कलमच आलं. समोर लावतात त्या लोखंडी बुलबारवर कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना सांगितलं होतं. दंड एकवेळ भरता येईल. मोठा धोका विम्याचा आहे. अपघातात कुणी जखमी झालं आणि गाडीत न कळवलेले बदल निघाले, तर कंपनी हात वर करण्याची शक्यता असते. मग भरपाई शेत विकून द्यायची का?

त्यामुळे गाडी उंच करणं, भोंगे, छतावर दिव्यांची रांग यावर पैसा घालू नये. तसाही तो पांदणीत कामाचा नाही. तोच पैसा क्लच, रेडिएटर, ब्रेक आणि टायरवर लावा. फोर लो मध्ये गाडी हळू चालते, इंजिन मात्र जोरात फिरतं आणि समोरून वारा लागत नाही. रेडिएटर अर्धा चोंदलेला असेल तर शेताच्या मध्यात गाडी गरम होऊन उभी राहते.

टायरबाबत आपल्या मातीचा स्वभाव आधी समजून घ्यावा. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. म्हणून तर भेगा पडतात. ही माती ओली झाली की टायरच्या खाचांत गच्च बसते आणि दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत गोळा होतो. मग गाडी फोर बाय फोर असो की आणखी काही, चाक जागेवरच फिरतं. मोठ्या, रुंद खाचांचा मड टायर चिखल बाहेर फेकतो, पण चाक जरा वेगात फिरलं तरच. अगदी मुंगीच्या गतीने गेलं तर तोही भरतो. टायर घ्यायचा तो कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापातलाच. मोठा टायर घातला की मडगार्डला घासतो, स्पीडोमीटर चुकतो आणि क्लचवर भार वाढतो. फुकटातला उपाय हवेचा. तीस पॉइंट हवा असेल तर वीस-बावीसवर आणावी, टायर जमिनीवर जास्त टेकतो. डांबरीवर यायच्या आधी मात्र पुन्हा भरावी, म्हणून पायपंप किंवा बॅटरीवरचा छोटा पंप गाडीत असावाच.

आणखी एक गोष्ट. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत एका एक्सलचं एक चाक घसरलं की सगळी ताकद त्याच चाकाला जाते. म्हणजे फोर बाय फोर असूनही पुढचं एक आणि मागचं एक अशी दोनच चाकं हवेत फिरत राहतात. २०१५ नंतरच्या सीआरडीई थारला मागे आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल मिळालं, ती सापडली तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

गाडी फसली, की रेस देणं थांबवा. प्रत्येक रेसमागे चाक आणखी खाली जातं आणि शेवटी चेसिस मातीवर टेकतं. चाकापुढची माती फावड्याने काढून तुराट्या किंवा पऱ्हाटीचे भारे चाकाखाली दाबले तर बरेचदा गाडी निघते. या कामात विकतच्या फळ्यांपेक्षा पऱ्हाटी काही कमी नाही. ट्रॅक्टरने ओढायचं झालं तर साखळी चेसिसच्या हुकाला बांधायची, बंपरला नाही. ताणलेली साखळी किंवा तारेचा दोर तुटला तर तो माणूस कापत येतो. दोरावर ओलं पोतं टाकावं आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं करावं. पोरं जवळ येतात, त्यांना हाकलायला एक माणूस ठेवावा.

नाल्याला पूर असेल तर गाडी घालायचीच नाही. वर नळी लावली म्हणून इंजिनात पाणी जात नाही हे खरं, पण वाहतं पाणी गाडीला उचलतं, त्याला नळी काय करणार? आणि शौकीन मंडळींनी कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या हद्दीत गाडी नेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय प्रवेश हा गुन्हा आहे. रात्री मोठा दिवा लावून फिरणाऱ्याकडे तर शिकारी म्हणूनच बघितलं जातं. रोही आणि रानडुकरांसाठी जागलीला जाणाऱ्यांनीही गाडी आपल्या धुऱ्याच्या आतच ठेवावी.

शेतातून परत आलं की गाडी त्याच दिवशी धुवावी. ब्रेकच्या ड्रमात गेलेली काळी माती वाळली की दगडासारखी होते आणि लायनर खाते. चाक गुडघाभर पाण्यातून गेलं असेल तर आठवडाभरात डिफरन्शियलचं तेल पुन्हा बघायचं. पांढुरकं दिसलं तर लगेच बदलायचं, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघायची नाही.