सायलॅब भाषेचा प्रसार
सायलॅब भाषेचा प्रसार : सायलॅब ही संख्यात्मक गणनासाठी वापरली जाणारी मुक्त स्रोत संगणकभाषा होय. आव्यूहांवरील क्रिया, अवकल समीकरणांची उकल, आलेखन व नियंत्रण प्रणालींचे विश्लेषण ही तिची मुख्य कार्यक्षेत्रे होत. फ्रान्समधील इन्रिया या संशोधनसंस्थेत तिची घडण झाली व १९९४ पासून तिचे विनामूल्य वितरण होऊ लागले. याच क्षेत्रातील मॅटलॅब ही भाषा १९८४ पासून व्यापारी तत्त्वावर विकली जाते. तिच्या परवान्याचा खर्च लहान महाविद्यालयांना जड जातो, म्हणून सायलॅबच्या प्रसाराला भारतात शैक्षणिक महत्त्व आले.

अल्पपरिचित भाषेपुढील मुख्य अडचण बहुधा गुणवत्तेची नसते. उपयोजक थोडे म्हणून पुस्तके नसतात आणि पुस्तके नाहीत म्हणून उपयोजक वाढत नाहीत. हे चक्र भेदण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत झाला. केंद्र शासनाने २००९ मध्ये सुरू केलेल्या माहिती तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय शिक्षण अभियानाच्या अर्थसाहाय्याने तेथे ‘फॉसी’ व ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे प्रकल्प उभे राहिले. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य हे त्यांचे प्रवर्तक होत.

साहित्याची जुळणी : भाषा वापरण्याजोगी होण्यासाठी तिच्यासोबत सुलभ स्थापनासंच, विषयवार पूरक संच आणि सोडविलेली उदाहरणे लागतात. सायलॅबमध्ये पूरक संच भाषेतूनच एका आज्ञेने बसविता येतात. उदाहरणांची उणीव भरून काढण्यासाठी ‘पाठ्यपुस्तक-सोबती’ ही योजना आखण्यात आली. प्रचलित पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे विद्यार्थी सायलॅबमध्ये लिहितात, तपासणीनंतर ती सर्वांना खुली होतात व विद्यार्थ्यास मानधन मिळते. स्पष्टीकरण मूळ पुस्तकात असल्याने नवा ग्रंथ लिहावा लागत नाही. अशा रीतीने शेकडो पुस्तकांचे सोबती तयार झाले आहेत.

अध्यापन : ‘स्पोकन ट्युटोरियल’मधील दृक्‌श्राव्य पाठ सुमारे दहा मिनिटांचे असतात. शिक्षक जवळ नाही असे गृहीत धरून त्यांची संहिता लिहिलेली असते. विद्यार्थी पाठ पाहतो व त्याच वेळी शेजारच्या चौकटीत आज्ञा चालवून पाहतो. पडद्यावरील आज्ञा इंग्रजीत राहतात, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले जाते. त्यामुळे इंग्रजीत कच्च्या असलेल्या विद्यार्थ्यालाही भाषेचे तर्कशास्त्र समजते आणि पुढे उद्योगात लागणाऱ्या इंग्रजी संज्ञाही परिचित होतात.

अभ्यासक्रमातील स्थान : मुंबई विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रथम वर्ष अभियांत्रिकी अभ्यासक्रमात संख्यात्मक पद्धतींसोबत सायलॅबमधील आज्ञावली-लेखनाचा समावेश झाला. अशा एका निर्णयाने भाषा सर्व संलग्न महाविद्यालयांत पोहोचते. माटुंग्याची स्थिती निराळी आहे. तेथील वीरमाता जिजाबाई तंत्रविज्ञान संस्था (स्थापना १८८७) २००४ पासून स्वायत्त आहे, तर रसायन तंत्रज्ञान संस्थेस २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अशा संस्था आपले अभ्यासक्रम स्वतः ठरवितात. तेथे परिपत्रकापेक्षा अध्यापकांची खात्री पटणे अधिक निर्णायक ठरते.

मर्यादा : सायलॅबची रचना मॅटलॅबशी जुळती असली, तरी टिप्पणीची खूण, स्थिरांक व फलनांची नावे यांत भेद आहेत. त्यामुळे जुन्या आज्ञावली जशाच्या तशा चालतातच असे नाही. पायथन या सर्वोपयोगी भाषेची वाढ हेही मोठे आव्हान आहे. पायथनचाही प्रसार ‘फॉसी’नेच केला, हे लक्षणीय आहे. यावरून प्रकल्पाचा हेतू एका भाषेची बाजू घेण्याचा नसून मुक्त साधने विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणण्याचा होता, हे दिसते. परीक्षेतील सक्तीने भाषेची ओळख होते. परीक्षा संपल्यावरही विद्यार्थी प्रकल्पासाठी तिच्याकडे वळला, तरच ती रुजली असे म्हणता येते. [⟶ संगणक].